नामाचा मान

पुसेगाव म्हटले की पुष्कळांना सातारा जिल्ह्यातले, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव आठवते. मी ज्या पुसेगावचा, ते हे नव्हे. आमचे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. सोयाबीन, तूर, हळद पिकवणारे साधे गाव. त्याला काही मोठेपणा असलाच तर तो शेजाराचा. कयाधू नदीच्या काठचे नर्सी आमच्या जवळ, आणि नर्सी म्हणजे आमच्याकडच्या परंपरेप्रमाणे संत नामदेवांचे जन्मगाव. आषाढी आटोपली की पंढरपूरहून परतलेले वारकरी वद्य एकादशीला नर्सीला येतात. तिला आमच्याकडे परतवारी म्हणतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ही परतवारी पाहिली आहे. तेव्हा 'नाम' या विषयावर बोलण्याचा अधिकार माझा नसला, तरी त्या वाऱ्यात वाढल्याचा हक्क थोडासा आहे, असे समजून आपण ऐकून घ्यावे.

आज सांगायची गोष्ट तशी क्षुल्लक आहे. माघ महिन्यात आमच्या गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. सप्ताहाची रीत आपल्याला ठाऊकच आहे. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, तिसऱ्या प्रहरी गाथ्यावरचे भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन व महाप्रसाद. या सगळ्याच्या मध्यभागी एक वीणा असते. सात दिवस, सात रात्री ती खाली ठेवायची नाही. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जायची, तीही पाया पडून, गळाभेट घेऊन. बाकी कार्यक्रम पुढेमागे झाले तर चालतात, वीणेचा पहारा मात्र चुकता कामा नये.

यंदा सप्ताहाच्या आधीच गावात दोन तट पडले. तरुणांचे म्हणणे होते की काल्याच्या दिवशी दिंडी निघते तेव्हा डीजे लावावा, आणि हरिपाठाला एखादी चालू सिनेमातली चाल घ्यावी, म्हणजे पोरे जमतील. म्हातारे म्हणाले, मग आम्ही टाळ खुंटीला टांगतो. बोलता बोलता शब्दाने शब्द वाढला. कोणी कोणाचा बाप काढला, कोणी वर्गणी परत मागितली. शेवटी दोन्ही बाजूंनी ठरवले की गावचा एक मनुष्य कॉलेजात शिकवतो, त्यालाच विचारावे. आणि मी, श्रोतेहो, ही संधी सोडली नाही. देवळाच्या ओट्यावर उभा राहून तासभर बोललो. सिनेमाच्या गाण्यांनी अभिरुची कशी बिघडली, मोबाइलने मन कसे पोखरले, नामाचे पावित्र्य कसे लोपले, सारे सांगितले. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पोरे खाली मान घालून बसली. मी घरी आलो तो जरा तरंगतच.

चौथ्या रात्री दोन ते चारचा पहारा माझ्याकडे आला. थंडी होती. देवळात समया जळत होत्या. माझ्यासमोर टाळ घेऊन एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा उभा होता, डीजे-पक्षाचाच. आम्ही दोघेच. पहिली दहा मिनिटे बरी गेली. मग खिशातला फोन थरथरला. मी दुर्लक्ष केले. पुन्हा थरथरला. एका हाताने वीणा सावरीत मी तो काढला, निरोप वाचला, दुसरा वाचला, आणि मग अंगठा आपोआप खाली सरकू लागला. ओठ हलत होते, नाम चालू होते, आणि डोळे त्या चौकोनात. किती वेळ गेला कोण जाणे. एकाएकी त्या यंत्रातून एक नाचाचे गाणे मोठ्याने वाजू लागले. देवळात, पहाटे तीन वाजता, वीणेकऱ्याच्या हातातून! बंद करता करता माझी त्रेधा उडाली. समोरचा मुलगा काही बोलला नाही. हसलासुद्धा नाही. टाळ वाजवीत राहिला. तो हसला असता तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

चार वाजता पुढच्या पहाऱ्याचे वृद्ध वीणेकरी आले. ऐंशीच्या घरातले, पंचक्रोशीत नावाजलेले. त्यांना गाणे ऐकू गेले होते. देवळाच्या ओसरीतच निजले होते ते. वीणा घेताना माझ्या पाया पडले, तशी रीतच आहे. मग हळूच म्हणाले, "मास्तर, वीणा हाती घेतली, मग चित्त खिशाला कामून?"

एवढेच. या एका वाक्याने माझे ओट्यावरचे तासाभराचे भाषण वाया गेले. आणि त्या दिवसापासून या विषयाचा मी नव्याने विचार करू लागलो. तो विचार आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा की लोकप्रिय गोष्टींना बंदी घातल्याने मन सुधारते काय? हा प्रयोग याच नभोवाणीवर एकदा होऊन गेलेला आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे जाणते अभिमानी. सिनेसंगीताने जनतेचा कान बिघडतो असे त्यांचे प्रामाणिक मत होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. मग श्रोत्यांनी काय केले? त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. 'बिनाका गीतमाला' घरोघर ऐकू येऊ लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली आणि सिनेमाची गाणी मानाने परत आली. केसकरांची तळमळ खोटी नव्हती. त्यांनी शास्त्रीय संगीताला जो आधार दिला त्याचे ऋण मानले पाहिजे. परंतु हुकुमाने काटा बदलता येतो, कान बदलता येत नाही, हे त्या पाच वर्षांत दिसून आले.

दुसरी गंमत पाहा. १९४० पासून कित्येक वर्षे आकाशवाणीवर हार्मोनियमला मज्जाव होता. ती परदेशी, तिचे सूर ठोकळेबाज, आपल्या गाण्याला ती जुळत नाही, असे त्यामागचे म्हणणे. आणि आमच्या गावी भजनात पेटी नसेल तर म्हातारे विचारतात, "आज पेटीवाला आला नाही का?" युरोपातून आलेले वाद्य दोन-तीन पिढ्यांत इतके आपले झाले की आता तेच परंपरेची खूण बनले. तेव्हा अमुक वाद्य पवित्र, अमुक अपवित्र, अमुक चाल देवाची, अमुक चाल सैतानाची, असे म्हणताना जरा जपून बोलावे.

संतांनी तरी काय केले? एकनाथांनी भारुडे लिहिली. गोंधळी, वासुदेव, जोशी, भुत्या, असे रस्त्यावर खेळ करून पोट भरणारे लोक त्यांनी आपल्या रचनेत आणले. त्या काळची करमणूकच ती. नाथांनी तिला घराबाहेर हाकलले नाही. तिच्या अंगात परमार्थ भरला आणि तिला देवळात आणून बसवले.

आणि सिनेमाचेच म्हणाल, तर १९३६ सालचा प्रभातचा 'संत तुकाराम' आठवा. दामले आणि फत्तेलाल यांनी पुण्यात काढलेला हा चित्रपट पुढे व्हेनिसच्या महोत्सवातही वाखाणला गेला. त्यात तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस होते. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक पद रचले, केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली, आणि ते पद लोकांनी तुकोबांचाच अभंग समजून भजनात म्हणायला सुरुवात केली. सिनेमाने दिलेले पद, सिनेमाने दिलेली चाल! आमचे वृद्ध वीणेकरीही ते म्हणतात. मी त्यांना ते सिनेमातले आहे असे अद्याप सांगितलेले नाही, आणि सांगणारही नाही.

मग भेद कुठे आहे? सगळेच चालते, असे म्हणायचे काय? नाही. भेद आहे, आणि तो याच चित्रपटात दाखवलेला आहे. त्यात सालोमालो नावाचे पात्र आहे. तुकोबांचे अभंग तो आपल्या नावावर खपवतो. शब्द तेच, टाळ तोच, पण तुकोबांच्या मुखी विठोबाचे नाव असते, आणि सालोमालोच्या मुखी, शब्द कुठलेही असोत, सालोमालोचेच नाव असते. मला वाटते, सगळ्या वादाची किल्ली येथे आहे. चाल कुठली, वाद्य कुठले, हा प्रश्न मागचा. पुढचा प्रश्न असा की येथे नाव कोणाचे गाजते आहे?

हा प्रश्न मनात धरून मी दुसऱ्या दिवशी गावातून एक फेरी मारली. आमच्या सप्ताहाचा एक मोठा फ्लेक्स वेशीवर लावलेला होता. त्यावर एकवीस मंडळींचे फोटो होते. काही हात जोडलेले, काही काळा चष्मा लावलेले. पुढारी होते, भावी पुढारी होते, शुभेच्छुक होते. आणि कोपऱ्यात, अंगठ्याएवढा, विठोबा होता. हा फ्लेक्स डीजे-पक्षाने लावलेला नव्हता, बरे का. तो आम्हा परंपरावाल्यांच्या कमिटीनेच लावलेला होता, आणि मागच्या ओळीत एक फोटो माझाही होता! नामाचा अपमान सिनेमावाले करतात असे मी ओट्यावरून सांगत होतो, आणि वेशीवर आम्हीच देवाला कोपऱ्यात उभे केले होते.

कीर्तनाचेही तसेच. कित्येक कीर्तनकार आज निष्ठेने गावोगाव फिरतात, त्यांना माझा दंडवत आहे. पण ज्या कीर्तनात अर्धा वेळ विनोद, पाव वेळ यजमानांची स्तुती आणि उरलेल्यात मोबाइलवर फिरण्याजोगे चटकदार तुकडे असतात, तेथे चाल शंभर वर्षांची जुनी असली तरी नाम गेलेलेच असते. तुकोबांनी तर कीर्तनकाराने कीर्तनाच्या जागी अन्नही घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, असा दंडक घातला आहे. कारण त्यांना ठाऊक होते की हार गळ्यात पडला की मान ताठ होते.

आता नामदेवांकडे वळतो. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर. परंपरा सांगते की या गुरुशिष्यांची भेट औंढा नागनाथला झाली. ते बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून मानले जाते, आणि तेही आमच्याच जिल्ह्यात आहे. तेथलीच एक कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेव महाद्वारासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांना अडचण वाटली. ते म्हणाले, पूजेला व्यत्यय येतो, मागे जा. नामदेव देवळाच्या मागे गेले, तेथे कीर्तन करू लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. आजही औंढ्याला नंदीची जागा दाखवून ही कथा सांगतात.

लहानपणी मला या कथेत देऊळ फिरले याचेच नवल वाटे. आता नवल वाटते ते आधीच्या भागाचे. 'मागे जा' म्हटल्यावर नामदेव मागे गेले. त्यांनी आवाज चढवला नाही. समोरची जागा आपल्या हक्काची म्हणून भांडण केले नाही. देवळाला पाठ असलेल्या जागी, जेथे कोणी पाहणार नाही अशा ठिकाणी, तेच नाम तितक्याच प्रेमाने घेतले. नामाला समोरची जागा लागत नाही, हे ज्याला कळले त्याच्यासाठी देऊळ फिरते. ज्याला कर्णा हवा, फ्लेक्स हवा, पुढची रांग हवी, त्याच्यासमोर देऊळ असते, पण त्याचे तोंड दुसरीकडे असते.

कर्ण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये. वस्तीच्या भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, एवढेच. आम्ही डीजेला हे नियम सांगतो आणि पहाटेच्या काकड्याचा कर्णा मात्र 'देवाचे काम' म्हणून सोडून देतो. शेजारी बाळंतीण असते, परीक्षेचे मूल असते, दम्याचा रोगी असतो. त्यांची झोप मोडून पोहोचवलेले नाम त्यांच्या कानात नाम म्हणून जाईल की त्रास म्हणून?

आता मूळ प्रश्न. इतकी गाणी, इतके खेळ, इतके निरोप, हातातल्या हातात अखंड चाललेला हा तमाशा. यात मनुष्याने नाम घ्यायचे कसे? सगळे टाकून हिमालयात जावे काय? याचे उत्तर नामदेवांनीच देऊन ठेवले आहे, आणि ते आपल्याला पंजाबने जपून ठेवले आहे. नामदेव उत्तरेत गेले, पंजाबातल्या घुमान येथे पुष्कळ काळ राहिले. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी जो ग्रंथ सिद्ध केला, त्या गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. याच घुमानला २०१५ साली आपले अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले होते.

त्या पदांपैकी रामकली रागातले एक पद आहे. त्यात नामदेवांनी चित्रे दिली आहेत. एक पोरगा कागद कापून पतंग करतो आणि आकाशात उडवतो. सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण त्याचे चित्त दोरीत असते. पोरी डोक्यावर घागरी घेऊन पाणी भरून येतात. हसतात, टाळ्या पिटतात, विनोद करतात, पण चित्त घागरीत असते. गाय कोस-कोस चरायला जाते, पण चित्त वासरात असते. आई घरकामात गुंतलेली असते, पण चित्त पाळण्यातल्या लेकरात असते. असेच माझे चित्त रामनामात असावे, असा त्या पदाचा भाव.

श्रोतेहो, या पदात कोणालाही काही टाकायला सांगितलेले नाही. पोराने पतंग उडवू नये, पोरींनी हसू नये, असे नामदेव म्हणत नाहीत. पतंग ही तर त्या काळची भर बाजारातली करमणूक. ते एवढेच विचारतात की दोरी कुठे आहे? हसताना घागर विसरली तर पाणी सांडेल. गप्पांत दोरी सुटली तर पतंग जाईल. माझ्या पहाऱ्याच्या रात्री नेमके हेच झाले. माझे चित्त फोनमध्ये होते आणि वीणा नुसती हातात होती. समोरच्या त्या मुलाचे उलट होते. त्याच्या फोनमध्ये माझ्यापेक्षा शंभर गाणी जास्त असतील, पण त्या घटकेला त्याचे चित्त टाळात होते. घागर त्याची भरलेली होती. सांडली ती माझी.

सकाळी कमिटी पुन्हा बसली. मी उभा राहिलो आणि रात्रीची हकीकत सगळ्यांना सांगितली. सांगताना जीभ जड झाली, हे कबूल करतो. पण सांगून झाल्यावर ओट्यावरची हवा बदलली. कोणी तरी हसले, मग सगळेच हसले, आणि भांडणाचा ताठा गेला. तो रात्रीचा मुलगा म्हणाला, "सर, आमच्याही खिशात तेच आहे." वृद्ध वीणेकऱ्यांनी एक वेताची दुरडी मागवली आणि म्हणाले, जो वीणा घेईल त्याने आधी खिसा या दुरडीत रिकामा करावा. पहिला फोन मी टाकला.

मोठी क्रांती झाली असे मात्र समजू नका. काल्याच्या दिंडीत डीजे आला नाही, पण त्याच आठवड्यात गावातल्या लग्नाच्या वरातीत तो वाजलाच, आणि आमच्यापैकी पुष्कळजण त्यापुढे नाचलेही. हरिपाठाची चाल जुनीच राहिली, पण काल्याच्या आदल्या रात्री पोरांनी एक अभंग आपल्या नव्या चालीत म्हटला. वृद्ध वीणेकऱ्यांनी डोळे मिटून ऐकला, आणि "चाल लई उड्या मारती, पण शब्द कळाले बाबा" एवढाच शेरा दिला. रात्रीच्या पहाऱ्याचा कर्णा आम्ही काढला. पुढच्या वर्षी फ्लेक्स लावायचा झाल्यास त्यावर एकच चित्र असावे, असा ठराव झाला आहे. तो कितपत टिकतो ते पाहायचे. निवडणूक जवळ आली की फोटोंना पाय फुटतात.

एक गोष्ट मात्र झाली, आणि तिचे मला मोल वाटते. शेवटच्या रात्री दोन ते चारचा, थंडीचा, कोणी न पाहणारा पहारा त्या मुलाने आपणहून मागून घेतला. आमच्या वीणेकऱ्यांना कित्येक वर्षे चिंता होती की आपल्यामागे ही वीणा कोण धरील. त्या रात्री ते ओसरीत निजले ते पहाटेच्या काकड्यापर्यंत उठले नाहीत.

माझ्यापुरते मी एवढेच ठरवले आहे. नामाच्या वतीने जगाशी भांडायला निघण्यापूर्वी आपली दोरी कोणाच्या हाती आहे ते पाहावे. नामाचा मान राखणे म्हणजे दुसऱ्याचे गाणे बंद करणे नव्हे. नाम घेण्याच्या घटकेला दुसरे काहीही त्याच्या वर बसू न देणे, आपले स्वतःचे नावसुद्धा. दिवसातून अशी घटका फार लागत नाही. दहा मिनिटेही पुरतात. पण ती दहा मिनिटे खिसा रिकामा हवा.

परतवारीला कधी नर्सीला आलात, तर थोडे पुढे आमच्या गावीही या. देवळात ती दुरडी आहे.